जनाची लाज, मनाची लाज

एखाद्याला खडसावायचं असलं की आपल्याकडं एक वाक्य हमखास येतं. "अरे, जनाची नाही तर निदान मनाची तरी लाज बाळग!" हे आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की त्यात लाजेचे दोन प्रकार सांगितलेत हे ध्यानातच येत नाही. एक लाज चारचौघांची. दुसरी आपली आपल्यालाच वाटणारी. आज हातातल्या मोबाइलमुळं पहिली लाज बेसुमार वाढली आहे आणि दुसरीकडं बघायला कुणाला सवड उरलेली नाही. या दोन लाजांविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मराठीत या भावनेसाठी शब्द तरी किती आहेत बघा. पाहुण्याच्या घरी दुसऱ्यांदा भाकरी मागताना वाटतो तो संकोच. उसने दिलेले पैसे परत मागायला जावं आणि तोंड उघडू नये, ती भीड. भर बाजारात पाय घसरून पडलो तर फजिती. आपलं खोटं पोरानं पकडलं की आपण ओशाळतो. त्यापुढं शरम, आणि शेवटी अब्रू. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथं आणखी एक शब्द आहे, 'हया'. कुणी बघत नसतानाही माणसाला जी आवरते, तिला आमची थोरली माणसं हया म्हणत. ज्या समाजानं इतके बारीक भेद केले, त्यानं लाजेचा विचार नक्कीच खोलात जाऊन केला असणार.

विद्वानांनीही तो केला. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली प्राण्यांच्या आणि माणसांच्या भावदर्शनावर एक ग्रंथ लिहिला. त्यात लाजेनं चेहरा लाल होण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. राग, भीती या भावना जनावरांच्या तोंडावरही दिसतात. लाजून लाल होणं मात्र माणसाचंच खास, असं त्यांनी मांडलं. दुसरा आपल्याविषयी काय विचार करत असेल, या विचारानं ते घडतं. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली फारशी दिसत नाही, पण कानशिलं तापतात हे आपण सगळेच जाणतो. पुढं १९०२ साली चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं सांगितलं की माणूस स्वतःला दुसऱ्याच्या आरशात बघतो. आपण समोरच्याला कसे दिसतो याची आधी कल्पना करतो. मग तो आपल्याबद्दल काय मत बनवत असेल याची. आणि त्यावरून आपल्याला अभिमान तरी वाटतो, नाहीतर खजील तरी व्हायला होतं. गंमत अशी, की यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी आपल्याच डोक्यात चाललेल्या असतात.

तेव्हा लाज ही वाईट गोष्ट आहे असं समजायचं कारण नाही. ज्याला कुणाचीच लाज वाटत नाही, अशा माणसाशेजारी राहणं कठीण. प्रश्न एवढाच, की हा 'जन' म्हणजे नेमका कोण?

मी गडमुडशिंगीचा. कोल्हापुरातून हुपरीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. विमानतळ जवळच, त्यामुळं डोक्यावरून विमान जातं आणि रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर. पूर्वी इथं 'जन' म्हणजे कोण हे सांगता येत होतं. देवळाच्या पारावर बसणारी म्हातारी मंडळी, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत किटली घेऊन रांगेला उभी राहणारी माणसं, मशिदीतून बाहेर पडताना चपला शोधणारे, पिठाच्या गिरणीत डबा ठेवून थांबलेल्या बायका. ही माणसं बोलायची, नावं ठेवायची, हसायची. पण ज्याला हसायची त्याचा बाप, आजा, शेत, कर्ज, आजारपण सगळं त्यांना ठाऊक असायचं. एखाद्याचं चुकलं तर ते त्याच्या उरलेल्या आयुष्याच्या वजनासकट तराजूत पडायचं.

याचा अर्थ गावातला न्याय गोड होता असा नाही. त्या तराजूत बाईचं आणि खालच्या मानलेल्या जातीचं माप नेहमीच कमी भरलं. वाळीत टाकणं, रोटीबेटी बंद करणं, पाणी तोडणं हेही याच 'जनां'नी केलं. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पण त्या जगात लाजेला एक कुंपण होतं, एवढं नक्की.

आमच्या गावापासून याच हुपरी रस्त्यानं थोडं पुढं गेलं की पट्टणकोडोली लागतं. हे कथाकार शंकर पाटील यांचं गाव. त्यांची 'धिंड' ही गोष्ट अनेकांनी वाचली असेल, काहींनी त्यांच्याच तोंडून ऐकलीही असेल. धिंड म्हणजे काय, तर दोषी ठरवलेल्या माणसाला गाढवावर बसवायचं आणि वाजतगाजत गावातून फिरवायचं. शंकर पाटलांनी त्यातला विनोद टिपला, आणि हसता हसता आपल्याला जमावाचा स्वभावही दाखवला. आज त्या प्रथेचा विचार करताना मला एक गोष्ट जाणवते. धिंड वेशीपर्यंत जायची. संध्याकाळी गाढव कुंभाराच्या दारात परत यायचं, पोरं घरी जेवायला जायची. चार दिवस चर्चा, मग सुगी यायची आणि लोक कामाला लागायचे. फजिती झालेल्या माणसाला पुन्हा माणसांत यायला वाट असायची.

आता मोबाइलमधल्या धिंडीकडं बघा. फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं २००९ साली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट खेड्यापाड्यांत स्वस्त झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर चोवीस तासांचं 'स्टेटस' आलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात 'रील्स' सुरू केले. जेमतेम अकरा वर्षांत आपल्या 'जना'ला वेसच उरली नाही. गाढव एकदा निघालं की ते कुठल्या गावाला जाईल आणि कधी परतेल, याचा नेम नाही. पाच वर्षांपूर्वीची फजिती आज कुणीतरी नव्यानं बघतो आणि नव्यानं हसतो.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५६ साली एक पुस्तक लिहिलं. रोजच्या जगण्यातही माणूस रंगमंचावर असल्यासारखा वागतो, त्याला एक पुढची बाजू असते आणि एक पडद्यामागची, असं त्यानं मांडलं. आपल्याला हे समजायला नाटकाची उपमा नको. आपल्या घरांना ओसरी होती आणि माजघर होतं. ओसरीवर माणूस सदरा घालून, बेतानं बोलायचा. माजघरात बनियनवर बसून मनातलं बोलायचा. म्हणून तो ढोंगी होता का? नाही. मी आईशी एका भाषेत बोलतो, दोस्तांशी दुसऱ्या, कविसंमेलनात तिसऱ्या. तिन्ही ठिकाणी मी खराच असतो. कुणासमोर काय बोलावं याला आपण मर्यादा म्हणतो.

मोबाइलनं ओसरी आणि माजघर यांच्यातली भिंत पाडली. अ‍ॅलिस मार्विक आणि डेना बॉइड या अमेरिकन अभ्यासकांनी २०११ साली ट्विटर वापरणाऱ्यांविषयी लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं: वेगवेगळ्या प्रसंगांचे श्रोते तिथं एकाच जागी गोळा होतात. भाच्याच्या वरातीत नाचलेला माणूस त्याच्या साहेबालाही दिसतो, होणाऱ्या सासऱ्यालाही दिसतो आणि ज्यानं त्याला कधी पाहिलं नाही अशा लातूरच्या नाहीतर लंडनच्या माणसालाही दिसतो. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी रुचेल असा चेहरा कुणाकडं असणार? मग माणूस एक गुळगुळीत मुखवटा तयार करतो, नाहीतर गप्प बसतो.

आणि कधी कधी नुसती फजिती होऊन भागत नाही. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. त्यानंतरच्या बंदविषयी पालघरमधल्या एका तरुण मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढं ते प्रकरण पोलिसांनी मिटवलं. पण या अटकेमुळं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ चर्चेत आलं. श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. कायद्याच्या पुस्तकातून एक कलम गेलं. तरी आपण 'लाइक' केलं तर कोण काय म्हणेल, ही भीती तेव्हा जी घराघरांत शिरली ती गेलेली नाही.

आमच्या कोल्हापुरानं ती भीती ७ जून २०२३ रोजी जवळून पाहिली. काही तरुणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडाव्या लागल्या. जिल्ह्यातलं इंटरनेट काही काळ बंद ठेवलं गेलं. राजर्षी शाहूंच्या गावात असं व्हावं, याचं दुःख हिंदू-मुसलमान दोघांनाही झालं. त्या दिवसांत माझा भाचा माझ्याकडं आला. तो एमआयडीसीत कामाला जातो. म्हणाला, "मामू, डीपी बदलू का?" डीपी काय होता? ईदचा. नवा कुर्ता, डोक्यावर टोपी, शेजारी त्याची आई. त्यात कुणाला दुखावण्यासारखं काही नव्हतं. तरीही आपल्याच आनंदाच्या फोटोचा त्याला संकोच वाटायला लागला होता.

मी त्याला एवढंच म्हणालो, "ठेव नाहीतर काढ, तुझं तू ठरव. पण कशासाठी काढतोस ते स्वतःशी नीट बोल." त्यानं काढला. तिथं मोटरसायकलचा फोटो लावला. तो अजून तसाच आहे.

'आहात तसे दिसा, खरे वागा' असा उपदेश हल्ली फार होतो. पण खरं दिसण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. एकाची चूक त्याची एकट्याची ठरते, दुसऱ्याची चूक त्याच्या सगळ्या गोताच्या नावावर लिहिली जाते. मुलगी हसली तर तिच्या घराण्यापर्यंत पोचतात. आणि याची दुसरी बाजूही आहे. सणावारी, जयंतीला, पंधरा ऑगस्टला स्टेटस ठेवलं तर 'दाखवायला ठेवलंय' म्हणणारे भेटतात, नाही ठेवलं तर 'का नाही ठेवलं' म्हणणारे. शाहू महाराजांविषयी मला जे वाटतं ते माझ्या कवितेत आहे. ते कुणाच्या हजेरीपटावर सही करण्यासाठी लिहिलेलं नाही.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या सात तारखेच्या संध्याकाळी शेजारचे आबा आमच्या ओसरीवर येऊन बसले. त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. चहा घेतला, उसाच्या बिलाची चौकशी केली, माझ्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं आणि तासाभरानं उठून गेले. इंटरनेट बंद होतं, पण आमचा 'जन' कोण हे मला त्या तासात कळलं.

आता भाषेच्या लाजेविषयी. तीही या सगळ्यात आहेच. आमच्या भागात 'पाणी'ला 'पानी' म्हणणारी, 'आणि'ला 'आनि' म्हणणारी माणसं घरोघरी आहेत. माझ्या आईचं मराठी तर दखनीत भिजलेलं. कार्यक्रमानंतर कुणीतरी येऊन म्हणतं, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून मराठीत 'योगसंग्राम' रचल्याला काही शतकं झाली, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बोलीच्या लाजेपायी आपण काय गमावलं असतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई १८८० साली जन्मल्या. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि एका नातेवाइकानं ती लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचतच ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. शेतकरी बाईच्या बोलीतली गाणी शहरातल्या वाचकांना काय वाटतील, हा प्रश्न मुलाला पडणं साहजिक होतं. अत्र्यांनी ती वाचली, त्यांचं मोल ओळखलं आणि आग्रह धरून १९५२ साली पुस्तक आणवलं. एका जाणत्या माणसानं दिलेला कौल किती मोठं काम करून जातो, बघा.

आज बोलीला बाजार आला आहे. कोल्हापुरी ठसक्यातल्या चित्रफिती लाखो लोक बघतात. ही आनंदाची गोष्ट. पण घरात साधं बोलणारा पोरगा कॅमेरा सुरू झाला की दुप्पट रांगडा होतो, हेही मी बघतो. म्हणजे खरेपणाचाही वेश झाला. 'बीरिअल' नावाचं एक फ्रेंच अ‍ॅप २०२० मध्ये आलं आणि २०२२ मध्ये जगभर गाजलं. दिवसातून एकदा सूचना यायची आणि दोन मिनिटांत, असाल तसा फोटो टाकायचा. नावाचा अर्थच 'खरे राहा'. लोकांनी त्यातूनही वाट काढली. काही चांगलं घडेपर्यंत ते थांबायचे आणि मग 'सहज' फोटो टाकायचे!

या रोगाची ओळख जुन्या माणसांना होती. इस्लाममध्ये 'रिया' म्हणतात, म्हणजे लोकांनी बघावं म्हणून केलेली इबादत. अकराव्या शतकात जन्मलेल्या इमाम गझालींनी त्यावर सविस्तर लिहिलं आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना सुरुवातीलाच दंभ नसणं सांगितलं आहे आणि ज्ञानेश्वरांनी ते उलगडून दाखवलं आहे. दोन्हीकडची ताकीद एकच: चांगलं कामही दाखवण्यासाठी केलं की आतून पोखरतं.

मग करायचं काय? मोबाइल विहिरीत टाका, असं मी सांगणार नाही. माझी नात परगावी आहे, तिचा चेहरा मला त्यातच दिसतो. पण दोन-तीन गोष्टी करता येतात.

पहिली, भीतीचं माप बघावं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी तो ओळखला असेल. ओळखला होता जेमतेम चौथाईनं. म्हणजे आपल्याला वाटतं तेवढं कुणी आपल्याकडं बघत नसतं. जो तो आपलाच टी-शर्ट झाकण्यात गुंतलेला असतो. ज्याची खरोखरच धिंड निघाली आहे त्याला या प्रयोगाचा उपयोग नाही. पण रोजच्या रोज 'लोक काय म्हणतील' म्हणून झुरणाऱ्याला नक्की आहे. इन्स्टाग्रामनंही २०२१ साली 'लाइक'चे आकडे झाकण्याची सोय सर्वांना दिली. आकडा झाकता येतो, हे पोरांना सांगायला हवं.

दुसरी, आपला 'जन' आपण निवडावा. रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण येईल, त्यांची नावं मनाशी मोजा. दहा-बारा निघतील. त्यांनी कान धरला तर जरूर लाज वाटू द्यावी, कारण त्यांनी आपलं माजघर पाहिलेलं आहे. बाकीच्यांचं ऐकावं, त्यात तथ्य असलं तर घ्यावं. पण त्यावर झोप उडवू नये.

तिसरी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या अंगठ्यात आहे. कुणाची तरी फजिती झालेली चित्रफीत आपल्या मोबाइलवर येते. कुणी इंग्रजी चुकलेलं असतं, कुणी रडताना दिसतं, कुणी पोर कसलं तरी वेडं बोललेलं असतं. आपल्याला हसू येतं आणि अंगठा 'फॉरवर्ड'कडं जातो. तेव्हा एक क्षण थांबावं. या माणसाचा बाप, आजा, शेत, कर्ज, आजारपण यातलं आपल्याला काय ठाऊक आहे, ते स्वतःला विचारावं. काहीच ठाऊक नसेल तर ते गाढव आपल्या दारातच बांधून ठेवावं, पुढच्या गावाला हाकू नये. त्या वेळी आपल्याला बघणारं कुणी नसतं. आपण थांबलो हे कुणाला कळत नाही, त्याला 'लाइक' मिळत नाही. मनाची लाज म्हणतात ती हीच.